मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बाळंतपण: शिकाऊ डॉक्टर, अभ्यासाचा कागद आणि सही कुणाची

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही जांबोटीच्या पुढच्या गावातले. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी आहे, सातवा महिना सरत आलाय आणि तारीख जुलैच्या शेवटची निघालीय. नाव बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घातलंय. गेल्या चेकअपला आधी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग दुसऱ्या एकीनं, आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांनी. निघताना एका ताईंनी 'अभ्यासात भाग घ्या' म्हणून काही पानांचा कन्नड कागद दिला आणि पुढच्या खेपेला सही करून आणा म्हणाल्या. आता घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, तिथं पोरीवर प्रयोग करतील, खानापुरातल्या खाजगी दवाखान्यात नेऊ. दाजी म्हणतात, मोठा दवाखाना तो मोठा दवाखाना. आणि तुम्ही शेवटी विचारलंय, 'मी सही करू का?'

त्या शेवटच्या चार शब्दांपासूनच सुरुवात करते. सही तुम्ही करायचीच नाही. बहीण सज्ञान आहे, तिला स्वतःचं बरंवाईट कळतं, म्हणजे कागद तिचा आणि सहीही तिचीच. भावाची नाही, नवऱ्याची नाही, सासूची नाही. घरच्यांशी बोलून ठरवायचं तर जरूर बोलावं, पण तुम्ही हो म्हणालात म्हणून तिचं हो होत नाही. आमच्या भागात कागद आला की तो घरातल्या पुरुषाच्या हातात जातो, आणि जिच्या अंगातून रक्त काढायचंय ती दाराआड उभी राहते. हे मी इतकं पाहिलंय की आधी तेच लिहावंसं वाटलं.

मी कोण तेही सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. लेबर वॉर्डात नर्स म्हणून सुरुवात केली, आता बरीच वर्षं संशोधनाच्या कामात आहे. तुम्हाला कागद देणाऱ्या त्या ताई जे काम करतात, तेच माझं काम. शिवाय नर्सिंगच्या आणि एमबीबीएसच्या मुलामुलींना स्किल लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर हातकामाचा सराव करायच्या खोलीत, शिकवते. तेव्हा मी अगदी त्रयस्थ नाही. असल्या दवाखान्यांवर माझा विश्वास आहे, आणि तिथं काय खपवून घेऊ नये हेही मला ठाऊक आहे.

कुठे न्यावं, याचं निम्मं उत्तर बहिणीच्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. हिमोग्लोबिन किती? बीपी कधी १४०/९० च्या वर गेलंय का? सोनोग्राफीत वार खाली आलीय असं लिहिलंय का? बाळ डोक्याकडून आहे की पायाळू? साखर? रक्तगट निगेटिव्ह आहे का? यातलं काही बिघडलेलं असेल तर मोठा दवाखाना की छोटा हा वाद घालायलाच नको, बेळगाव गाठायचं. सगळं ठीक असेल आणि खानापुरात चांगल्या हाताचे डॉक्टर ओळखीचे असतील, तर आईचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. पहिलटकरणीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट धरून चालावी लागते: सकाळपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं बाळंतपण दुपारी अडू शकतं. तेव्हा खानापुरातल्या दवाखान्याला हे नक्की विचारा. भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त कुठून आणतात? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठे पाठवता? तिन्हींचं उत्तर 'बेळगावहून' किंवा 'बेळगावला' असं आलं, तर तुमच्या घाटमाथ्याच्या पावसात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच जाणता.

आता आईंच्या भीतीकडे येते. त्यांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्यात. मुलं तिथं शिकतात, ही एक. तिथं संशोधन चालतं, ही दुसरी. दोन्हींचे नियम वेगळे, दोन्हींत तुमचे हक्क वेगळे. परवा आधी तपासणी झाली आणि लगेच कागद हातात आला, म्हणून ते एकच वाटलं.

शिकण्याचं आधी. ओपीडीत तुम्हाला 'शिकाऊ' म्हणून जे दिसतात ते सगळे एका पायरीवरचे नसतात. एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्न रक्त काढतात, बीपी मोजतात, कागद भरतात, वरच्यांच्या नजरेखाली कामं शिकतात. त्यांच्या वर पीजी रेसिडेंट. हे एमबीबीएस पूर्ण झालेले, नोंदणी झालेले डॉक्टर, स्त्रीरोगाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला आलेले. बहिणीला तपासणाऱ्या दोघी बहुधा याच असाव्यात. त्यांच्या वर सिनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, आणि सगळ्यांच्या वर युनिटच्या प्रमुख. केस पेपरवर युनिट लिहिलेलं असतं. त्या युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो, आणि शक्यतो त्याच वारी गेलं तर तेच डॉक्टर भेटतात. निर्णयाची जबाबदारी युनिटची असते, हातात स्टेथोस्कोप घेऊन समोर उभ्या असलेल्या पोरीची एकटीची नसते. म्हणून 'आम्हाला मोठे डॉक्टर तपासत नाहीत' अशी तक्रार करण्यापेक्षा 'आमचं युनिट कोणतं आणि आज सल्लागार कोण आहेत' असं विचारा. उत्तर मिळतंच.

तीच गोष्ट तीन वेळा तपासली गेली याचा त्रास होतो, हे खरं. पण त्याला दुसरी बाजूही आहे. पहिलीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसतं. आणि रात्री अडीच वाजता बाळाचे ठोके मंदावले, तर कोणाला तरी फोन करून घरून उठवून आणावं लागत नाही. जागा असलेला माणूस त्याच मजल्यावर असतो. लेबर वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, रात्रीच्या त्या पंधरा-वीस मिनिटांची किंमत ते सांगतील.

खपवून घेऊ नये ते काय, तेही ऐका. कळा सुरू झाल्यावर आतून तपासणी साधारणपणे दर चार तासांनी पुरेशी असते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. काही कारण निघालं तर लवकर करतात, ते वेगळं. पण एकीनं केली, म्हणून शिकण्यासाठी लगेच दुसरीनं, मग तिसरीनं, हे योग्य नाही. बहिणीनं तेव्हा 'मला जास्त जणांनी तपासलेलं नको' एवढं म्हणावं. तेवढं पुरतं, कारण द्यावं लागत नाही. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई हवीच, पडदा हवाच. विद्यार्थ्यांना खाटेभोवती उभं करून शिकवायचं असेल तर आधी तिला विचारायला हवं, आणि ती नाही म्हणाली तर उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. कळांच्या वेळी घरची एक बाई जवळ ठेवता येईल का, हे आत्ताच विचारून ठेवा. सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी केंद्रानं २०१७ साली 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यातही सोबतिणीला आणि सन्मानाच्या वागणुकीला जागा दिलेली आहे. काही ठिकाणी गर्दीमुळे सोबतिणीला आत घेत नाहीत. तसं असेल तर आधी कळलेलं बरं.

आणि ही मुलं थेट तुमच्या बहिणीवर हात साफ करतात असं आईंना वाटत असेल, तर त्यांना स्किल लॅबबद्दल सांगा. प्रत्येक मेडिकल कॉलेजात ती असणं आता बंधनकारक आहे, आणि २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात नुसतं पुस्तक पाठ असून भागत नाही, हातानं काम करून दाखवावं लागतं. आमच्याकडे टेबलावर रबरी पोटाची पूर्ण बाई असते, पोटात बाळ, बाळाला नाळ, खाली लाल पाण्याची टाकी. मी नळ सोडते, 'रक्त थांबत नाहीये' म्हणते आणि घड्याळ लावते. एकीनं मोठ्यानं हाक मारून माणसं बोलवायची. एकीनं पोटावरून गर्भाशय घट्ट होईपर्यंत चोळायचं. एकीनं दोन्ही हातांत जाड सुया लावून सलाइन सुरू करायचं, एकीनं लघवीची नळी घालायची, एकीनं रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, द्यायचं. रक्तस्रावावरचं दुसरं औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, द्यायचं तर बाळंत झाल्यापासून तीन तासांच्या आत, म्हणून वेळ विसरून चालत नाही. आणि एकजण फक्त लिहीत राहतो, किती वाजून किती मिनिटांनी काय दिलं. सुरुवातीला प्रत्येक गटात तोच घोळ होतो. सगळ्या बाईकडे धावतात, लिहायला कोणी नसतं, आणि ऑक्सिटोसिन दिलं की नाही यावरून दोघी वाद घालतात. मग पाणी पुसायचं, टाकी भरायची, पुन्हा पहिल्यापासून. घोळ व्हायचा तो इथं व्हावा म्हणून तर ही बाई ठेवलेली आहे. शेजारच्या टेबलावर न रडणारं बाळ. त्याला पुसणं, पाठ चोळणं, आणि तरी श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कनं हवा देणं. मास्क नाकातोंडावर नीट बसला नाही तर छाती वर येत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतं. छाती वर आलेली पाहिल्याशिवाय मी कुणाला पुढे जाऊ देत नाही.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाबद्दल एवढं सविस्तर लिहिण्यामागे कारण आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे संशोधनाचं, उत्तर तिथूनच सुरू होतं. आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज (जेएनएमसी) बेळगावात १९६३ पासून आहे. सिव्हिलला जोडलेलं सरकारी मेडिकल कॉलेज, बिम्स, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. जेएनएमसीच्या संशोधकांनी परदेशी विद्यापीठांच्या जोडीनं २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. तेव्हा गावातलं बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून व्हायचं, आणि रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन तिथं मिळायचं नाही. ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला हात लागतो. प्रश्न असा होता की मिसोप्रोस्टॉलची गोळी बाळ जन्मल्यावर लगेच तोंडानं दिली तर उपयोग होईल का. १६२० बायका त्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती मिळतेय हे नर्सबाईंनाही माहीत नव्हतं. ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यात शंभरातल्या बाराजणींना जास्त रक्तस्राव झाला, ज्यांना औषध होतं त्यांच्यात सहा-सातजणींना. म्हणजे अठराजणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. थंडी वाजणं, ताप येणं असा त्रास औषधवाल्यांना जास्त झाला, पण तो तात्पुरता होता. हे सगळं २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत घातलं.

त्याच अभ्यासासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी तयार झाली. बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची, खाली निमुळती होत जाणारी, आणि तिच्यावर मापाच्या रेघा. त्याआधी रक्त किती गेलं हे नजरेनं सांगायची पद्धत होती. पिशवीनं मोजून ताडून पाहिलं तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशानं कमी भरला. साहजिक आहे, गादीत आणि कपड्यात मुरलेलं रक्त डोळ्यांना कुठे दिसतं? अशाच रेघांच्या पिशव्या वापरून, आणि त्याला जोडून ठरलेले उपचार एकदमच सुरू करून, आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. २०२३ साली त्याचा निकाल आला: गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी खाली. लॅबमध्ये मुलींना त्या पिशवीवरची ५०० मिलिलिटरची रेघ दाखवताना ती मोजायची पद्धत बेळगाव जिल्ह्यातल्या बायकांच्या बाळंतपणांतून पुढे गेली, हे मी दरवेळी सांगते. मला त्याचा अभिमान आहे. त्या बायकांचाही आहे, ज्यांची नावं कुठेच छापलेली नाहीत.

हे ऐकून लगेच सही करा असं मी म्हणत नाही. पण 'प्रयोग' म्हणजे कुणीतरी गुपचूप काहीतरी टोचतं, असं ते चित्र नाही, एवढं आईंना कळावं.

आता तुमच्या हातातला कागद. अभ्यास दोन जातींचे असतात, ढोबळमानानं. एकात फक्त नोंद ठेवतात: वजन, बीपी, बाळंतपण कसं झालं, बाळ कसं आहे, कधी रक्ताचा थोडा जास्तीचा नमुना. जिल्ह्यातल्या काही भागांत गरोदर बायकांची अशी नोंदवही बरीच वर्षं ठेवली गेली, त्यात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई आणि बाळाची विचारपूस व्हायची. उपचार जे व्हायचे तेच होतात. दुसऱ्या जातीत औषध किंवा उपचाराची पद्धत तपासायची असते, आणि कुणाला काय मिळणार हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही नाही. कागदावर 'रँडम', 'गट', 'प्लासिबो' (औषध नसलेली गोळी) असे शब्द असतील तर तो दुसऱ्या जातीचा.

बेळगाव आणि नागपूर ज्यात होतं असं उदाहरण देते. पहिलटकरणींना दिवस गेल्यापासून लवकर, रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं तर बाळ वेळेआधी जन्मायचं प्रमाण कमी होतं का, हे सहा देशांत मिळून जवळजवळ बारा हजार बायकांवर पाहिलं. २०२० साली निकाल आला. औषध नव्हतं त्यांच्यात १३.१ टक्के, औषध होतं त्यांच्यात ११.६ टक्के. म्हणजे शंभरात दीडजणीचा फरक. देशाच्या हिशेबानं तो मोठा आहे. पण एका बहिणीच्या हिशेबानं? अभ्यासात गेल्यामुळे आपलं बाळंतपण चांगलं होईल, अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर तिथंच थांबा. चाचणी चालू असते ती उत्तर अजून माहीत नसतं म्हणूनच. फायदा बहुतेकदा पुढच्या बायकांना होतो.

कागद कन्नडमध्ये आहे आणि बहिणीला कन्नड वाचता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग त्या कागदावर सही होऊच शकत नाही. माहिती तिला समजेल त्या भाषेत द्यावी लागते. बेळगावसारख्या ठिकाणी कन्नड आणि मराठी दोन्ही कागद असायला हवेत, आणि एथिक्स कमिटीनं, म्हणजे अभ्यास तपासून परवानगी देणाऱ्या समितीनं, दोन्ही आधी मंजूर केलेले हवेत. पुढच्या खेपेला शांतपणे मराठी प्रत मागा. त्या ताई घाईत असतील, चुकून हाताला आली ती प्रत दिली असेल. यात कन्नड-मराठीचा वाद आणायची काहीच गरज नाही. उद्या चिकोडीकडची कन्नड बाई आली आणि तिला मराठी कागद दिला, तर तोही तितकाच चूक. 'मी तोंडी सांगते, तुम्ही इथं सही करा' असं म्हणाल्या तर नको म्हणा. मराठी प्रत नसेल तर सही नाही.

आणि सही घरून करून न्यायची नसते. कागद घरी वाचायला दिला हे चांगलं लक्षण आहे, विचार करायला वेळ मिळतो. पण सही समजावून सांगणाऱ्या व्यक्तीसमोर, तारखेसह, आणि त्या व्यक्तीचीही सही त्याच वेळी. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र सोबत अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तिथं तुम्ही बसू शकता. सही झाली की एक प्रत तिच्या हातात पडलीच पाहिजे. कळा चालू असताना तर मी कुणाला कागद पुढे करतच नाही. त्या अवस्थेत दिलेल्या होकाराला मी होकार मानत नाही. म्हणून सातव्या महिन्यात विचारलं, हे बरंच झालं.

कागद समजावून झाला की मी 'कळलं का?' असं विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. मी विचारते, 'घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगशील?' मग खरं काय ते बाहेर येतं. एकजण म्हणाली, 'ही गोळी घेतली की सीझर होत नाही म्हणून सांगेन.' कागदात तसं एक अक्षरही नव्हतं. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि शेवटी तिनं 'मग मला नको' म्हटलं. माझं काम तिथं नीट झालं. तुमच्या बहिणीला हाच प्रश्न तुम्ही विचारा, कागद वाचून झाल्यावर. तिला तिच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे: काय करणार, किती वेळा यावं लागणार, त्रास काय होऊ शकतो, नको म्हटलं तर काय.

नको म्हटलं तर काहीही होत नाही. हे कागदावर लिहिलेलं असतंच, शोधा. मधेच सोडता येतं, कारण न देता, आणि नेहमीचे उपचार तसेच चालू राहतात. अभ्यासासाठी केलेल्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात आणि चाचणीमुळे झाली असेल तर भरपाईही. २०१९ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. येण्याजाण्याचा खर्च देत असतील तर तो घेण्यात गैर काही नाही, पण तेवढ्यासाठी सही करू नका.

कागदावर आणखी दोन गोष्टी पाहा. औषधाच्या चाचणीला सीटीआरआय क्रमांक असतो, त्यात साल लिहिलेलं असतं. २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची नोंद या सरकारी नोंदणीत करावी लागते आणि ती कुणालाही मोबाइलवर पाहता येते. दुसरं, एथिक्स कमिटीचा फोन नंबर. या कमिटीत निदान सात माणसं असतात, त्यातली निम्मी त्या संस्थेबाहेरची, त्यात कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सर्वसामान्य माणूसही. तो नंबर शोभेला नसतो. कुणी जबरदस्ती केली, 'सही नाही तर बेड नाही' असं सुचवलं, तर त्या नंबरवर फोन करा. रक्ताचा नमुना घेणार असतील तर तो किती दिवस ठेवणार आणि कुठे पाठवणार, हेही विचारा. कागदात ते असायला हवं.

मला विचाराल तर नोंदीचा अभ्यास असेल, मराठी कागद मिळाला आणि बहिणीला पटलं, तर हो म्हणायला हरकत दिसत नाही. उलट माणसं जास्त लक्ष ठेवतात, फोन करून विचारतात, आणि जांबोटीपलीकडच्या बाईला तेवढं कमी नाही. औषधाचा असेल तर तिच्या युनिटच्या डॉक्टरांना वेगळं भेटून विचारा, 'हिच्या तब्येतीत असं काही आहे का की ज्यामुळे हिनं यात जाऊ नये?' आणि जास्तीच्या खेपा किती ते मोजा. जूनच्या मध्यापासून दर पंधरा दिवसांनी केवळ अभ्यासासाठी बेळगावला यावं लागणार असेल, तर मी स्वतः तिला नको म्हणून सांगेन. ओल्या रस्त्यावरून आठव्या-नवव्या महिन्यात एसटीनं तेवढे हेलपाटे घालण्याइतकं कोणतंही संशोधन मोठं नाही.

अभ्यासात जावो न जावो, मला जास्त काळजी जुलैची आहे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात तेव्हा पाऊस थांबत नाही. मोरीवरून पाणी गेलं किंवा आडवं झाड पडलं की १०८ ची गाडीही अलीकडेच उभी राहते, आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. सदतीस आठवडे भरले की बहिणीला बेळगावात किंवा निदान खानापुरात नातेवाइकांकडे आणून ठेवा. रक्त द्यायला तयार असलेली दोन धडधाकट माणसं आत्ताच हेरून ठेवा, त्यांचे नंबर तायी कार्डाच्या पाठीमागे लिहा. कळा, पाणी जाणं, अंगावर लाल जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, सरळ लेबर रूम गाठा.

कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो इथं टाकणार असाल तर बहिणीचं नाव, गाव आणि नंबर झाकून टाका. अभ्यासाचं शीर्षक दिसलं की तो नोंदीचा आहे की औषधाचा, एवढं मी कन्नड वाचून सांगेन. हिमोग्लोबिन आणि बीपीचे शेवटचे आकडेही लिहा.